ढवळ्याशेजारचा पवळ्या : पोरांची नशा आणि आपली चाळीस वर्षं

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण आपण एकाच कामासाठी वापरतो, ती म्हणजे दुसऱ्याच्या पोराकडे बोट दाखवायला. व्यसनाची गोष्ट घरात उघडी पडली की आईवडिलांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आमचा तसा नाही हो, संगत वाईट लागली." त्यात तथ्य आहेच. पहिली पुडी किंवा पहिला झुरका बहुतेक वेळा मित्राच्याच हातातून येतो, तस्कराच्या नाही. पण गुण लागतो तो चांगलाही लागू शकतो, हे आपल्याला फार उशिरा सुचलं.

सुरुवात गर्दपासून करावी लागते. 1979 साली इराणात क्रांती झाली, पाकिस्तानात नशाबंदीचे कडक कायदे आले आणि वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्या पट्ट्यातली अफू नेहमीच्या वाटांनी बाहेर पडेना. मग तिचं हेरॉइन होऊ लागलं आणि त्याची कच्ची, भेसळीची जात, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबईत उतरली. मराठीने तिला 'गर्द' म्हटलं आणि ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला'. पन्नीवर पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर नळीने ओढायचा. थोड्याच दिवसांत शरीर तिला बांधलं जाई. पुडी चुकली की 'टर्की' लागे: अंग मोडून येई, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. फूटपाथवरची माणसं यात होतीच, पण कॉलेजात जाणारी, नोकरदारांच्या घरातली मुलंही होती. मध्यमवर्ग हादरला तो तेव्हाच, हेही सांगायला हवं.

सरकारचं उत्तर म्हणजे 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा. तो लागू झाला 14 नोव्हेंबरला, नेमका बालदिनी. शिक्षा जबर होत्या. पण घरात टर्कीने तळमळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराचं करायचं काय, याचं उत्तर फौजदारी कायद्यात सापडणारं नव्हतं.

ते शोधलं पुण्यात. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. उपचार पस्तीस दिवसांचे. औषधांनी टर्की उतरवायची हा त्यातला सोपा भाग. खरं काम पुढचं: योगासनं, गटात बसून बोलणं, घरच्यांना समजावणं आणि बाहेर पडल्यावर नियमित पाठपुरावा. व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा डाग नाही, हे इथे रोजच्या वागण्यातून सांगितलं जाई. आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बरे झालेले रुग्णच पुढे तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. "मीही पन्नी ओढलीय" असं म्हणणारा माणूस समोर बसला की पोराची थापा मारायची सोय संपते. शिवाय यातून बाहेर पडता येतं, याचा जिवंत पुरावाच त्याला समोर दिसतो. पवळ्याला मुद्दाम ढवळ्याशेजारी बांधणं म्हणतात ते हेच. अनिताताई 1997 मध्ये कर्करोगाने गेल्या. पुढे काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळलं.

पण हे झालं बुडालेल्याला बाहेर काढणं. मुलांनी पाण्यात उतरूच नये म्हणून काय केलं? पोस्टर लावली. कवटी, सिरिंज, काळी पार्श्वभूमी. हा भीतीचा मार्ग एकट्या आपला नव्हता. अमेरिकेत नॅन्सी रेगन यांची 'जस्ट से नो' मोहीम ऐंशीच्या दशकातलीच. 1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 'डेअर' हा शालेय कार्यक्रम काढला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन मुलांना ड्रग्जचे धोके सांगे. तो हजारो शाळांत पोचला, पालकांना फार आवडला. नव्वदच्या दशकात अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा कळलं की कार्यक्रम घेतलेली आणि न घेतलेली मुलं पुढे नशेच्या बाबतीत जवळपास सारखीच वागतात.

याचं कारण शोधताना मुलांच्या डोक्यात काय चालतं हे बघावं लागलं. 2005 साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी मुलांना आणि प्रौढांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला. एकटी असताना किशोरवयीन मुलं बेताने खेळत. मित्र बघत उभे राहिले की धोका पत्करणं एकदम वाढे. प्रौढांना मात्र मित्र असले नसले तरी विशेष फरक पडला नाही. म्हणजे धोका मुलांना ठाऊक असतो. चार जणांसमोर 'फट्टू' ठरण्याची भीती कवटीच्या पोस्टरपेक्षा मोठी असते, इतकंच. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली. तिच्यात ताण हाताळणं, भावना सांभाळणं, नातं न तोडता नाही म्हणता येणं हे सगळं आहे. आपल्याकडे ही कौशल्यं शाळेत आली खरी, पण बऱ्याच ठिकाणी चाचणी परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो.

ताणाचा धागा हार्वी मिल्कमन या मानसशास्त्रज्ञाने आधीच पकडला होता. सत्तरच्या दशकात त्याने मांडलं की माणूस कुठली नशा निवडतो हे तो ताणाला कसा सामोरा जातो यावर ठरतं. बधिर व्हायचं असेल तो हेरॉइनकडे जातो, भिडायचं असेल तो उत्तेजकांकडे. मग ती झिंग दुसऱ्या वाटेने का देऊ नये? 1992 मध्ये डेन्व्हरला त्याने मुलांना नाच, संगीत, मार्शल आर्ट्स शिकवायला सुरुवात केली. उपचार हा शब्दही तिथे काढायचा नाही.

हा विचार आइसलँडने देशभर राबवला. 1998 मध्ये तिथली 15-16 वर्षांची 42 टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली असत. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्के होतं. रोज सिगारेट ओढणारी 23 वरून 3 टक्क्यांवर आली. त्यासाठी शाळाशाळांत सतत सर्वेक्षणं झाली, खेळ आणि कलांना सरकारी पैसा मिळाला, पालकांनी आपसांत करार केले आणि 13 ते 16 वर्षांच्या मुलांना हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्याने बाहेर राहायला बंदी झाली. देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, त्यामुळे जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण मैदानावर पार्किंग करायचं आणि पोरं टपरीवर बसतात म्हणून ओरडायचं, हे आपण करतोच की.

इकडे मालही बदलला. मेफेड्रोन, म्हणजे एमडी हे उत्तेजक, 2015 मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. गर्द सीमेपलीकडून येई. एमडीचे कारखाने 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि 2024 मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला सापडले. ई-सिगारेटवर 2019 पासून देशभर बंदी आहे. लहानग्यांचं दुखणं मात्र स्टेशनरीच्या दुकानातलं आहे. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालात व्हाइटनर, थिनर, सोल्युशन यांसारखी हुंगायची नशा 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के होती, प्रौढांत 0.58 टक्के. मोठ्यांपेक्षा लहानांत अधिक असलेला हा एकच प्रकार.

घरं अजूनही बातमी दाबतात, त्यामागे पोलिसांची भीती असते. त्याच 1985 च्या कायद्यात नंतर 64अ हे कलम आलं. जवळ अल्प प्रमाणात माल सापडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. नशामुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन 14446 आहे. मन थाऱ्यावर नसेल, परीक्षेचा ताण असह्य झाला असेल तर 14416 वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा. तिथे मराठीत बोलता येतं, आणि फोन मुलाने स्वतः केला तरी चालतो.