खोळ शिवायला टाकण्याआधी गादीची जाडी मोजा

“दादा, ही खोळ घातली की पोराचा दमा जाईल ना?” जून लागला की परळच्या आमच्या दुकानात रोज कुणीतरी हे विचारतंच. सांगत बसलो की मागचं गिऱ्हाईक ताटकळतं, म्हणून छापूनच टाकलं.

खोळ हे औषध नाही. गादीतल्या धुळीच्या किड्यांची घाण ती आत कोंडून ठेवते, एवढंच तिचं काम. डॉक्टर ज्याला डस्ट माइट म्हणतात तो हा किडा जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचा. तो ढेकूण नव्हे आणि चावतही नाही. (ढेकणांसाठी खोळ मागायला येणाऱ्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं.) आपल्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर तो जगतो, पाणी दमट हवेतूनच ओढून घेतो. म्हणजे मुंबई त्याचं माहेर. मुलांना बाधते ती मुख्यतः त्याची विष्ठा. कडक उन्हात किडे कमी होतात, पण विष्ठा कापसात तशीच राहते. चाळीत गॅलरीच्या कठड्यावर गादी टाकून काठीने बडवता यायची. टॉवरमध्ये तसं केलंत तर संध्याकाळपर्यंत सोसायटीची नोटीस.

“आमच्या वेळी पोरांना एवढा दमा नव्हता हो,” असं आजीमंडळी काउंटरवर म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. १९९० च्या दशकात आयझॅक नावाची मोठी पाहणी झाली. ५६ देशांतल्या मुलांना विचारलं, गेल्या वर्षभरात छातीत घरघर झाली का? भारतातल्या केंद्रांत मुंबईही होती. १३-१४ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण कुठे शंभरात दोनसुद्धा नाही, तर कुठे ३५ च्या वर! ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया वरच्या टोकाला; भारत, चीन, इंडोनेशिया खालच्या. अ‍ॅलर्जीचा कल आईवडिलांकडून येतो हे खरं, पण एवढी तफावत नुसत्या रक्ताने पडत नाही. राहणीचा वाटा मोठा, आणि आजीच्या वेळची राहणी आता कुठे राहिलीय?

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या संशोधकांनी १७ हजारांवर ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्याला मोठी भावंडं जास्त, त्याला परागकणांची सर्दी कमी. लहानपणी भावंडांकडून जंतूंची ओळख होते आणि शरीर पुढे उगाच बिथरत नाही, असा त्यांचा तर्क. जर्मनी एक झाल्यावर तर गंमतच झाली. पूर्वेकडच्या, कोळशाच्या धुराने भरलेल्या लाइपझिगमधल्या मुलांपेक्षा पश्चिमेकडच्या स्वच्छ म्युनिकमधल्या मुलांना दमा आणि परागकणांची सर्दी जास्त निघाली. यावरून धूर चांगला असं कुणी समजू नका. असलेला दमा धुराने भडकतोच. घरातली सिगारेट, मच्छर अगरबत्ती, रोजचा धूप आधी बंद करा. खोळीचं नंतर बघू. गिऱ्हाईक घालवतोय असं वाटेल, पण खरं तेच आहे.

खोळीचा उपयोग किती? मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांत नुसत्या खोळीने दमा सुधारल्याचं दिसलं नाही. धुळीच्या किड्याचीच अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांत मात्र दम्यासाठी इमर्जन्सीत धावायची वेळ कमी आल्याचं आढळलंय. म्हणून आधी डॉक्टरांकडून चाचणी करून घ्या. दुसऱ्याच कशाची अ‍ॅलर्जी असेल तर आमच्याकडे पैसे घालवू नका. आणि खोळ आली म्हणून मुलाचा पंप आपल्या मनाने बंद करू नका.

आता आमचं रडगाणं. दहातली निम्मी गिऱ्हाइकं पलंगाचं माप देतात. “सहा बाय तीन, नेहमीचंच.” जाडी विचारली की “असेल चार इंच.” मागच्या श्रावणात एक गृहस्थ गर्दीच्या लोकलमधून खोळ पिशवीत कोंबून परत घेऊन आले. बिलावर जाडी चार इंच, गादी निघाली साडेपाच. चेन कोपऱ्यात वीतभर उघडी राहत होती. शिवण उसवून पट्टी जोडा म्हणाले. ते आम्ही करत नाही आणि यात आमचा हट्ट नाही. या कापडाच्या विणीतली भोकं १० मायक्रॉनच्या आतली असतात, केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी. शिवण उसवली की सुईची भोकं तशीच राहतात, आणि त्यातून सगळं बाहेर येतं. दुरुस्त केलेली खोळ म्हणजे साधा अभ्राच. म्हणून मापात चूक झाली तर नवीन शिवावी लागते, आणि पैसे परत मिळत नाहीत.

मोजताना चादर काढून गादी जमिनीवर टाका. शिंप्याचा टेप घ्या, मापं इंचांत लिहा. कापसाची गादी मध्ये बसते आणि कडेला फुगते, तेव्हा जाडी तीन ठिकाणी मोजून सगळ्यात मोठा आकडा द्या. जमत नसेल तर दादर ते लालबागपर्यंत आमचा माणूस घरी येऊन मोजतो, त्याचे पैसे नाहीत.

उशीही विसरू नका, मुलाचं नाक तिच्यावरच असतं. गादीबरोबर दिलीत तर उशीच्या खोळीची शिलाई घेत नाही. खोळ सारखी धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. वरची चादर दर आठवड्याला मशीनमध्ये ६० अंशांवर धुवा.

ऑर्डरला आठ दिवस लागतात. गणपतीत मात्र थांबावं लागेल, आमचे दोन्ही शिलाईवाले कोकणात जातात.