विलग विचित्र बिंदूंचे संस्थितिविज्ञान

संमिश्र वैश्लेषिक फलनाच्या शून्यसंचावरील ज्या बिंदूपाशी सर्व आंशिक विकलज शून्य होतात, पण जवळपास तसा दुसरा बिंदू नसतो, तो विलग विचित्र बिंदू. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी विद्यार्थ्यांना बी.एस्सी.ला ‘आयसोलेटेड सिंग्युलॅरिटी’ भेटते ती एकाच चलाची, ध्रुव वगैरे प्रकारची. येथे फलन सुरळीतच असते. बिघडतो तो त्याच्या शून्यांचा संच.

त्या बिंदूभोवती पुरेसा लहान गोल घेऊन शून्यसंच गोलाच्या पृष्ठाला कोठे छेदतो ते पाहतात. या छेदाला ‘लिंक’ म्हणतात. गोलातला शून्यसंच म्हणजे संस्थितिदृष्ट्या (न तोडता ताणण्या-वाकवण्याची मुभा धरली तर) लिंकवर उभा केलेला शंकू, त्यामुळे लिंक पृष्ठात कशी बसली आहे हे कळले की स्थानिक आकार कळतो.

क्ष² = य³ हा वक्र घ्या. दोन संमिश्र चल म्हणजे चार वास्तव मिती, म्हणून गोलाचे पृष्ठ त्रिमितीय आणि लिंक त्यातली बंद गाठ. ही तिपदरी गाठ, ट्रेफॉइल. बैलाच्या कासऱ्याला साधी गाठ मारून दोन्ही टोके जोडली की हीच होते. वक्रांच्या अशा गाठी कार्ल ब्राउनर यांनी १९२८ मध्ये अभ्यासल्या.

जॉन मिल्नर यांनी १९६८ मध्ये दाखवले की लिंक वगळलेले पृष्ठ वर्तुळावर एकसारख्या तंतूंनी विणलेले असते; वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूवर एक तंतू, म्हणजे पृष्ठाचा एक भाग. न + १ चल असतील, तर प्रत्येक तंतू न-मितीय गोलपृष्ठांच्या, एका बिंदूत जोडलेल्या गुच्छासारखा असतो. गुच्छातल्या गोलपृष्ठांची संख्या म्हणजे मिल्नर संख्या, आणि ती निव्वळ बीजगणिताने, आंशिक विकलजांवरून काढता येते. या विषयातले सर्वांत सुंदर सत्य हेच. क्ष² − य³ साठी ती (२−१)(३−१) = २; तंतू म्हणजे एक भोक पाडलेले वलयपृष्ठ, ज्याची कडा ट्रेफॉइल असते. वर्तुळाला एक फेरा घातला की तंतू स्वतःवर परततो, पण वळलेल्या स्थितीत. या उदाहरणात सहा फेऱ्यांनी तो मूळ स्थितीत येतो.

लिंक कधी अनपेक्षित निघते. पाच चलांत तीन वर्ग, एक घन आणि एक (६क−१) वा घात यांची बेरीज शून्य धरली, तर क = १ ते २८ साठी सप्तमितीय गोलपृष्ठाच्या सर्व २८ अवकलनीय रचना (संस्थिती तीच, पण कलनाच्या दृष्टीने वेगळी रूपे) मिळतात. हे ब्रिस्कॉर्न यांचे १९६६ चे काम.

समीकरण हळूहळू बदलत नेले आणि मिल्नर संख्या कायम राहिली, तर संस्थितीही कायम राहते का? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सी. पी. रामानुजम आणि ले डुंग ट्रांग यांनी ‘होय’ असे सिद्ध केले. लेख रामानुजम यांच्या निधनानंतर १९७६ मध्ये छापला गेला. तीन चलांचे प्रकरण मात्र त्यातून सुटते, कारण तेथे लिंक त्रिमितीय असते आणि त्यांना लागणारे एच-कोबॉर्डिझम प्रमेय (दोन अवकाशांमधला पट्टा केव्हा साधा, सरळ असतो हे मोठ्या मितींत सांगणारे) वापरता येत नाही.