अठरा आणि एकवीसमधलं अंतर

अमेरिकेत बॉस्टनच्या पश्चिमेला नीडम नावाचं गाव आहे. वस्ती तीसेक हजारांची. 2005 पासून या गावातल्या दुकानांत 21 वर्षांखालच्या कुणालाही सिगारेट विकायला बंदी आली. बाकी मॅसॅच्युसेट्स राज्यात तेव्हा वयाची अट 18 होती. म्हणजे नीडमच्या पोराने शेजारच्या गावात चक्कर मारली की पाकीट मिळणारच. मग असल्या नियमाचा उपयोग काय, असं कुणालाही वाटेल.

उपयोग झाला. 2006 ते 2010 या काळात नीडमच्या हायस्कूलमधलं सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण 13 टक्क्यांवरून 7 वर आलं. आसपासच्या 16 गावांतही ते उतरलं, पण 15 वरून 12 पर्यंतच. एका गावाच्या आकड्यांवर फार उड्या मारू नयेत हे खरं, तरी फरक डोळ्यांत भरतो.

याचं एक कारण अगदी साधं आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिली सिगारेट दुकानदार क्वचितच ठेवतो. ती मित्राकडून येते. अठरा पूर्ण झालेला बारावीतला मुलगा त्याच शाळेत, त्याच बसमध्ये, त्याच मैदानावर असतो. एकवीस वर्षांचा तिथे नसतोच, तो कॉलेजात किंवा नोकरीला गेलेला असतो. अट तीन वर्षांनी पुढे सरकवली की सिगारेट पुरवणारा शाळेच्या फाटकाबाहेर पडतो. 2015 साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या प्रश्नावर अहवाल दिला, त्यातही सर्वाधिक फायदा 15 ते 17 वयोगटाला होईल असाच अंदाज होता.

या वयाचा एवढा आग्रह का, ते मेंदूत पाहावं लागतं. झुरक्यातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि ॲसिटिलकोलीन या आपल्याच रसायनासाठी असलेल्या जागा पटकावतं. त्यातून डोपामिन सुटतं, बरं वाटतं. हे वारंवार झालं की मेंदू अशा जागा वाढवत जातो आणि त्या रिकाम्या राहिल्या की माणूस चिडचिडा होतो. मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो, म्हणजे शाळकरी वयात गाडी जोरात आणि ब्रेक अर्धवट. अमेरिकेत रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ 90 टक्क्यांनी पहिली सिगारेट अठराच्या आत ओढलेली असते.

मग व्हेप, म्हणजे ई-सिगारेटी, आले. त्यातली युक्ती तंबाखू मळणाऱ्याला चटकन कळेल. तळहातावर तंबाखूला चुना लावतात, कारण चुन्याच्या अल्कलीमुळे निकोटीन मोकळं होतं आणि तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरतं. पण असं मोकळं निकोटीन घशाला झोंबतं. पहिल्या झुरक्याला नवखा खोकून बेजार होतो तो काही अंशी त्यामुळेच, आणि हा ठसका म्हणजे निसर्गाने बसवलेला राखणदारच. 2015 साली बाजारात आलेल्या जूल या व्हेपच्या ब्रँडने उलटा डाव टाकला. निकोटीनमध्ये बेंझॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला. (लोणच्याच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं, त्याचंच हे भावंड.) ठसका गेला, निकोटीन भरपूर राहिलं, वर आंब्याची चव. अमेरिकी हायस्कूलमध्ये ई-सिगारेट ओढणारे 2017 साली 11.7 टक्के होते, 2019 मध्ये 27.5 टक्के झाले. म्हणून मॅसॅच्युसेट्सने जून 2020 पासून चवीच्या तंबाखूची विक्री राज्यभर बंद केली, मेंथॉलसकट. राज्याआधी त्यातल्या कित्येक गावांनी असे नियम आपापल्या हद्दीत करून पाहिले होते.

भारताने 2019 मध्ये ई-सिगारेटवर सरसकट बंदी घातली. आपल्याकडचा खरा प्रश्न सुट्या सिगारेटचा. अख्खं पाकीट शाळकरी खिशाला जड जातं, एक सिगारेट जात नाही. महाराष्ट्राने 2020 मध्ये सुटी विक्रीही बंद केली. ती कितपत बंद आहे, ते कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

नीडमपासून जवळच असलेलं ब्रुकलाइन आणखी पुढे गेलं. तिथे सप्टेंबर 2021 पासून, 1 जानेवारी 2000 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही तंबाखू किंवा व्हेप विकता येत नाही, त्याचं वय पुढे कितीही होवो. ओढणाऱ्याला शिक्षा नाही, नियम फक्त विकणाऱ्याला. दुकानदार कोर्टात गेले, पण मार्च 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. मग आसपासच्या आणखी काही गावांनी हाच नियम उचलला.

हा नियम टिकला, तर 2040 साली ब्रुकलाइनच्या एखाद्या दुकानात डिसेंबर 1999 मध्ये जन्मलेली बाई आणि जानेवारी 2000 मध्ये जन्मलेला तिचा नवरा गल्ल्यासमोर शेजारी शेजारी उभे असतील, दोघं चाळिशीचे. पाकीट तिला मिळेल, त्याला नाही. आणि गावाच्या तीन बाजूंना बॉस्टन आहे.