पार्श्वभूमी : पाकळी उजवी की डावी? कोकण-गोव्यातला कौल

आज कौल, म्हणजे देवाला प्रश्न विचारून घेतलेले उत्तर, म्हटले की जुळत नसलेले लग्न, अडलेले घरबांधकाम, उतारा न पडणारे दुखणे डोळ्यांपुढे येते. मुळात मात्र कौल गावाचा. पेरणी, जत्रा, तंटा हे गावऱ्हाटीतले, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या आणि रीतिरिवाजांच्या व्यवस्थेतले, विषय बारा-पाच मानकरी (गावातल्या मानाच्या घराण्यांची मंडळी) देवापुढे गाऱ्हाणे घालून सोडवत. ही जुनी रीत काही ठिकाणी अजून टिकून आहे. मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला होत नाही. तिचा दिवस कौलाने ठरतो. आचऱ्याची गावपळणही रामेश्वराच्या कौलानेच होते. तीन दिवस तीन रात्री अख्खे गाव गुरे, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर राहते. परतायलाही कौल लागतो. तो मिळाला नाही, तर मुक्काम वाढतो.

गोव्यात 16व्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा दैवते अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, हलवली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देव वाचला, पण त्याचे शेतशिवार मागे राहिले. इथल्या देवळांत प्रसाद लावणे, म्हणजेच कौल घेणे, मुख्यतः कुळाच्या आणि घराच्या प्रश्नांपुरते उरले, ते यामुळेच असावे.

रीत देवळागणिक बदलते. सर्वसाधारणपणे सकाळी स्नानानंतर मूर्ती पुसून घेतात. फुलांच्या पाकळ्या किंवा पानाचे कातरलेले तुकडे पाण्यात बुडवून मूर्तीच्या ठरलेल्या जागांवर, दोन्ही अंगांना चिकटवतात. काही ठिकाणी पाकळीऐवजी तांदळाचे दाणे असतात. मग गुरव प्रश्न मोठ्याने मांडतो. उजवी पाकळी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार किंवा अडथळा. काहीच सुटले नाही तर प्रश्न बदलून पुन्हा विचारायचा. पाकळी धरून ठेवते ती पाण्याची पातळ फिल्म, म्हणून पंखा किंवा दारातला वारा चालू असला की ती लवकर वाळून सुटते आणि पावसाळी दमट हवेत तासभरही हलत नाही. पाणी दोन्हीकडे सारखे लागले नाही तर कौल आधीच एका बाजूला झुकतो. सर्वांत मोठा घोळ मात्र प्रश्नातच होतो. ‘जमीन विकू की भावाला देऊ’ असे एका दमात विचारले, तर उजवीचा अर्थ ज्याला हवा तसा तो लावतो. जाणता गुरव आधी या प्रश्नाचे दोन तुकडे करतो.

खरा वाद पेटला तो महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यावरून. मसुदा वर्षानुवर्षे अडला, कारण नवस, कौल, अंगात येणे हे सगळे गुन्हा ठरेल अशी भीती गावोगाव होती. पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे अग्रणी नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यावर ऑगस्ट 2013 मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत 12 बाबी आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे, दंड 5,000 ते 50,000 रुपये. पाकळीचा कौल त्या 12 बाबींत नाही, आणि देवळातली उपासना कायद्याने स्पष्टपणे वगळली आहे. अंगात दैवी शक्ती आल्याचे भासवून इतरांना भीती घालणे किंवा धमकावणे मात्र गुन्हा आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हाच. म्हणजे अवसाराच्या (अंगात देव आल्याचे मानले जाते त्याच्या) तोंडून ‘अमक्याच्या बाईने करणी केली’ असे नाव बाहेर पडले, तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. पाकळी कुणाचे नाव घेत नाही. हा फरक चर्चेत फार कमी लोकांनी लक्षात घेतला आणि कौलाला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. दुखण्याबाबत रेषा सरळ आहे. ‘ऑपरेशन कधी करावे’ असे देवाला विचारायला हरकत नाही, पण आधी तारखा डॉक्टरांनी दिलेल्या असाव्यात. ‘करावे की नाही’ हा प्रश्न पाकळीपुढे ठेवूच नये.

अलीकडे अडचण कायद्यापेक्षा मानपानाची आहे. पहिला नारळ कोणाचा, गाऱ्हाणे कोणी घालायचे, यावरून घराणी भांडतात, प्रशासन जमावबंदी लावते आणि देवळाला कुलूप पडते. मग गावाचा कौल थांबतो, आणि घरची अडचण घेऊन आलेल्यालाही वाद मिटेपर्यंत शेजारच्या गावच्या देवाकडे जावे लागते.