आमचा आवळ्याचा रस : कमी ताप आणि ध्वनिलहरी

लेबलवरचे ‘ध्वनिलहरी प्रक्रिया’ हे शब्द वाचून ग्राहक विचारतात, यात किरणोत्सर्ग वगैरे नाही ना? अजिबात नाही. हा आवाजच आहे, फक्त कानाला ऐकू न येणारा. माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. आमचे यंत्र त्याच्या किंचित वर चालते.

रसात बुडवलेला टायटॅनियमचा दांडा कंप पावू लागला की अतिसूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि क्षणार्धात मिटतात. मिटताना तेवढ्याच जागी प्रचंड दाब आणि उष्णता निर्माण होते. आसपासच्या जिवाणूंची आणि यीस्टची पेशीभित्ती त्यात फाटते. एकूण रस मात्र ५० ते ५५ अंशांवरच राहतो. नेहमीच्या पाश्चरीकरणात तो बहुधा ८५ अंशांच्या वर न्यावा लागतो, आणि मग त्याला शिजल्याची चव येते.

मग थोडे तरी का तापवायचे? किसलेला आवळा ताटात ठेवला की काळपट पडतो. हे काम त्यातल्या विकरांचे (एन्झाइमचे), आणि ती नुसत्या आवाजाला दाद देत नाहीत. जोडीला ऊब लागते. आवाजही बेताचाच हवा. यंत्र जास्त वेळ चालले तर रसाला धातूसारखा वास येतो आणि क जीवनसत्त्वही घटते. ते आमच्या पद्धतीतही थोडे कमी होतेच, म्हणून ‘ताज्याइतकेच’ असे आम्ही लेबलवर लिहीत नाही.

गराचे कण बारीक झाल्याने रस लवकर फुटत नाही. तळाशी थर दिसलाच तर बाटली हलवून घ्या.

उसाच्या रसाची मागणी खूप होते, पण तो आम्ही करणार नाही. काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपे, या प्रक्रियेत मरत नाहीत. आवळ्याचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) ३ च्या आसपास, त्या आंबटपणात ते वाढू शकत नाहीत. ४.६ च्या वर ती खात्री उरत नाही, आणि उसाचा रस ५ च्या पुढे असतो. तो रसवंतीवर, समोर काढलेलाच प्यावा.

आमची बाटली आणल्यापासून फ्रिजमध्येच ठेवा. बाटलीला तोंड लावू नका, रस पेल्यात ओतून घ्या. झाकण फुगलेले दिसले किंवा उघडताना फसफस झाली, तर चव न बघता रस टाकून द्या आणि बॅच क्रमांक आम्हाला कळवा.