पांढरं पडलेलं आभाळ

जुलै महिन्यात माळशेज घाटात गाडी थांबवून काढलेला फोटो आठवून बघा. डोळ्यांना दिसलेलं असतं राखाडी, ढगांचे पदर सुटे सुटे ओळखू येणारं आभाळ आणि त्याखाली ओला काळा कातळ. फोटोत कातळ नीट आला तर आभाळ खडूसारखं पांढरं. आभाळ वाचवलं तर कातळाच्या जागी डांबर ओतल्यासारखा पट्टा, आणि त्याच्यापुढे उभी असलेली घरची माणसं नुसत्या सावल्या. मग एडिटिंगच्या ॲपमध्ये जायचं, ‘हायलाइट्स’ची पट्टी डावीकडे ओढायची, ‘शॅडोज’ची उजवीकडे. हे आपण सगळेच करतो. या दोन पट्ट्यांमागे पावणेदोनशे वर्षांची खटपट आहे. फोटो सुधारण्याच्या निम्म्याअधिक युक्त्या या एकाच अडचणीतून निघाल्या आहेत असं माझं मत आहे. अडचण अशी, की समोर जेवढा उजेड असतो तेवढा काचेत, फिल्ममध्ये किंवा डिजिटल कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरमध्ये मावत नाही.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ओल्या कोलोडियनची रीत जाहीर केली. काचेवर कोलोडियनचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. चित्र अतिशय बारकाईचं यायचं. पण या रसायनाला मुख्यतः निळा उजेडच कळायचा. हिरवी झाडी आणि तांबडी माती त्याच्या लेखी जवळजवळ अंधार, निळं आभाळ मात्र झगझगीत. जमिनीवरचं काही उमटेपर्यंत निगेटिव्हवर, म्हणजे उजेड-अंधार उलटे उमटलेल्या काचेवर, आभाळाचा भाग पार काळा होऊन जायचा, म्हणजे कागदावर कोरा. त्या काळच्या डोंगरदऱ्यांच्या फोटोंत ढग बहुधा सापडत नाहीत, ते यामुळे.

गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने यावर सरळ इलाज केला. १८५६-५७ च्या सुमारास त्याने समुद्राचे फोटो काढले आणि त्यातल्या काहींसाठी दोन वेगळी निगेटिव्ह वापरली, एक समुद्राचं, एक आभाळाचं. क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवून एकाच कागदावर छापायची. भूमध्य समुद्रावरच्या सेत गावची त्याची मोठी लाट अशीच दोन काचांतून आली आहे. गंमत पुढेच आहे. ढगांची एक काच चांगली साधली की ती तो पुन्हा वापरी. त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर तेच ढग तरंगताना अभ्यासकांनी पकडले आहेत.

ऑस्कर रेलँडर हा फोटोग्राफर तर त्याच्याही पुढे गेला. १८५७ मध्ये त्याने तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलं मोठं दृश्य रचलं आणि मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडलं. ही फसवणूक आहे की कला, यावर तेव्हा पुष्कळ वाजलं. व्हिक्टोरिया राणीने मात्र त्याची प्रत विकत घेतली.

मुंबईही मागे नव्हती. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने इथल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, पहिला १८६३ मध्ये, दुसरा १८६६ मध्ये. दुसरा खास महाराष्ट्रावर होता. त्यात माणसं उघड्यावर, एखाद्या इमारतीपुढे किंवा झाडाखाली उभी दिसतात. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांचे फोटो आतल्या उजेडात काढले होते आणि मागचं दृश्य नंतर दुसऱ्या फोटोतून जोडलं होतं. नीट पाहिलं तर पायांची सावली आणि मागच्या भिंतीची सावली यांचा मेळ बसत नाही. ‘पूर्वीचे फोटो खरे असायचे’ असं कुणी ऐकवलं की मला हे खंड आठवतात.

रंगांचं आंधळेपण हळूहळू गेलं. हर्मान फोगेलने १८७३ मध्ये रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा उजेड दाखवला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तांबडाही दिसणाऱ्या प्लेट बाजारात आल्या, आणि भिंगापुढे पिवळी काच धरून आभाळ गडद करता येऊ लागलं. अडचण मिटली नाही, पण निदान ढग आले.

आपल्या आजच्या एडिटिंगचा खरा पाया मात्र इंग्लंडमधल्या विडनेस या रासायनिक कारखान्यांच्या गावात पडला. फर्डिनंड हर्टर हा रसायनतज्ज्ञ आणि व्हेरो ड्रिफिल्ड हा इंजिनिअर. दोघे नोकरी करून उरलेल्या वेळात फोटोचा नाद करणारे. काचेवर किती उजेड पडला की ती किती काळी होते, हे अंदाजपंचे न सांगता त्यांनी मोजलं आणि १८९० मध्ये आलेखासह छापलं. ती रेषा सरळ नव्हती. खाली रांगत सुरू होणारी, मधे चढणारी आणि वर गेल्यावर खांद्यासारखी वळणारी, ताणलेल्या इंग्रजी एससारखी. फोटोशॉपमध्ये ‘कर्व्ह्ज’ उघडून आपण जी रेषा मधे धरून वरखाली ओढतो, तिचं घराणं हे.

त्या वरच्या खांद्यात फिल्मचा मोठेपणा होता. उजेड फार झाला तरी फिल्म एकदम हात टेकत नसे. ती हळूहळू थकायची, आणि ढगात थोडंफार काही शिल्लक राहायचं. सेन्सरला हा खांदाच नाही. पावसात अंगणात ओळीने मांडलेल्या बादल्यांसारखं त्याचं काम. भरेपर्यंत प्रत्येक थेंबाचा हिशेब चोख, भरली की पुढचं सगळं वाहून जातं. चार बादल्या शेजारी शेजारी भरून वाहिल्या तर कुठे जास्त पाऊस पडला हे नंतर कुणीच सांगू शकत नाही. फोटोतलं ते खडूसारखं पांढरं म्हणजे या वाहून गेलेल्या बादल्या. ‘हायलाइट्स’ची पट्टी कितीही ओढा, तिथे फार तर मळकट राखाडी रंग येतो, ढग येत नाही.

म्हणून जुना धडा उलटा झाला. फिल्मवाले सांगायचे, सावलीसाठी उजेड घ्या, उजळ भाग डेव्हलप करताना सांभाळू. डिजिटलमध्ये आधी उजळ भाग वाचवायचा आणि सावली मागाहून उचलायची. फोनवर बोट चेहऱ्यावर न ठेवता ढगावर ठेवा, शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह अजून थोडं खाली ओढा, फोटो अंधारा वाटला तरी घाबरू नका. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचा हिशेब जसाच्या तसा ठेवणारी फाइल, असेल तर काम आणखी सोपं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. फक्त सावलीही बेतानेच उचलायची. सेन्सरच्या पायऱ्यांपैकी निम्म्या सगळ्यात उजळ भागातच खर्च होतात, अंधाराच्या वाट्याला थोड्याच उरतात. फार ओढलं की तिथे रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात.

आमच्या गावात चौकातल्या स्टुडिओची डार्करूम मी शाळेत असताना पाहिली. लाल दिवा, हायपो या रसायनाचा नाकात बसणारा वास, दोरीला चिमट्यांनी टांगलेले ओले फोटो. स्टुडिओवाल्या काकांनी सायकलच्या स्पोकच्या टोकाला पुठ्ठ्याची रुपयाएवढी चकती चिकटवली होती. निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरचा उजेड पडत असताना ते ती चकती नवरीच्या चेहऱ्यावर धरून सारखी हलवत, म्हणजे तेवढा भाग कमी तापायचा आणि चेहरा उजळ यायचा. हलवत का, तर स्थिर धरली की कडा उमटते. मग चकती ठेवून दोन्ही हातांची ओंजळ करायची, मधे फट ठेवायची, आणि फटीतून फक्त मांडवाबाहेरच्या आभाळावर उजेड सोडायचा. ‘आभाळाला अजून पाच मोज,’ ते मला म्हणायचे, आणि मी मोठ्याने मोजायचो.

पुढे फोटोशॉपमध्ये ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही हत्यारं पाहिली तेव्हा एकाचं चिन्ह काडीवरची चकती होतं आणि दुसऱ्याचं वळवलेला हात. काकांचीच अवजारं. ‘अनशार्प मास्क’ हेही डार्करूमचंच नाव. मूळ निगेटिव्हला त्याचीच मुद्दाम धूसर केलेली उलटी प्रत जोडून छापलं की कडा उठून दिसत.

यात योगायोग काही नाही. थॉमस आणि जॉन नोल या भावांच्या वडिलांची घराच्या तळघरात डार्करूम होती आणि थॉमस तिथेच फोटो छापायला शिकला होता. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएचडी करताना त्याने काळ्यापांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. जॉन तेव्हा सिनेमातल्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत होता, त्याला त्यात पुढची शक्यता दिसली. फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबीने तो फोटोशॉप म्हणून बाजारात आणला.

डिजिटल कॅमेरा त्याआधीच आला होता. डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने बनवलेला पहिला नमुना साडेतीन किलोंहून जड होता, १०० बाय १०० ठिपक्यांचा काळापांढरा फोटो काढायचा आणि तो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा.

ल ग्रेची दोन काचांची युक्ती गणिताच्या वेषात परत आली ती १९९५ मध्ये. एमआयटीच्या स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी कमीजास्त उजेडाचे अनेक डिजिटल फोटो एकत्र करण्याची रीत मांडली. १९९७ मध्ये डेबेवेक आणि मलिक या संशोधकांनी ती आणखी पक्की केली, आणि २००५ मध्ये ती फोटोशॉपमध्ये आली. त्यानंतरची काही वर्षं या रीतीच्या, म्हणजे एचडीआरच्या, नावाखाली जे झालं ते न आठवलेलं बरं. प्रत्येक किल्ल्यावर जांभळं वादळ, प्रत्येक देवळाच्या कळसाभोवती पांढरं वलय. दोष रीतीचा नव्हता, पट्टी टोकापर्यंत ओढण्याचा होता.

फोनने हे सगळं नजरेआड नेलं. आयफोनमध्ये २०१० ला एचडीआर आलं. २०१३ च्या नेक्सस ५ या फोनवर गूगलने वेगळी वाट धरली. कमीजास्त उजेडाचे फोटो घेण्याऐवजी एकसारखे आणि मुद्दाम अंधारे अनेक फोटो झटपट घ्यायचे, म्हणजे एकही बादली वाहत नाही. मग ते एकमेकांवर जुळवून सरासरी काढायची. नऊ फोटो मिळवले की दाणे साधारण एकतृतीयांश होतात आणि सावली न बिघडता उचलता येते. आपण एकदाच बोट टेकवतो, आत हा सगळा कारभार होऊन गेलेला असतो.

आणि ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोशॉपला आभाळ बदलण्याची सोयच जोडली गेली. क्षितिज ते स्वतः शोधतं, यादीतलं आभाळ निवडलं की जमिनीवरचा उजेडही त्याला जुळवून घेतं. मागच्या हिवाळ्यात नात्यातल्या दोन लग्नांचे प्री-वेडिंग अल्बम आठवड्याच्या अंतराने माझ्याकडे आले. एक जोडपं अलिबागच्या किनाऱ्यावर, दुसरं कासच्या पठारावर. दोघांच्याही मागे, उजव्या बाजूला, शेपटी फाटलेल्या माशासारखा तोच नारिंगी ढग होता.