न गोठणाऱ्या पाण्याकाठचे नार्विक

उत्तर स्वीडनमधील किरुना येथे लोहखनिजाचा प्रचंड साठा आहे. पण ते बाहेर पाठवण्याचे स्वीडनचे बंदर, बोथनियाच्या आखातावरील लुलेओ, हिवाळ्यात बर्फाने वेढले जाते. लुलेओच्याही उत्तरेला, ६८ अंश अक्षांशावर असलेले नॉर्वेचे नार्विक बंदर मात्र बारा महिने खुले असते. याचे श्रेय अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. तरीही मिठाचा वाटा सांगितल्याशिवाय हे कोडे पूर्ण उलगडत नाही.

गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वरच राहते आणि तो पातळ थर लवकर गोठतो. बोथनियाच्या उत्तर टोकाला नद्यांचे पाणी इतके मिसळते की लिटरमागे जेमतेम तीन ग्रॅम मीठ उरते, त्यामुळे तेथील समुद्र जवळजवळ तळ्यासारखा वागतो. महासागराच्या पाण्यात मात्र सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. असे पाणी गोठेपर्यंत जड होत जाते. थंड झालेले पाणी खाली बुडते, खालचे उबदार पाणी वर येते, आणि नार्विकसमोरच्या, हिमनद्यांनी कोरलेल्या खोल ऑफोटफियॉर्डमध्ये (फियॉर्ड म्हणजे समुद्राची अरुंद, लांब खाडी) ही उलथापालथ हिवाळाभर पुरते.

या पाण्यापर्यंत लोहमार्ग आणण्याचा पहिला प्रयत्न १८८० च्या दशकात एका इंग्रज कंपनीने केला, पण १८८९ मध्ये तिचे दिवाळे निघाले. पुढे स्वीडन आणि नॉर्वे यांनी, जे तेव्हा एकाच राजाच्या अमलाखाली होते, हे काम पूर्ण केले. १९०२ मध्ये नार्विकला शहराचा दर्जा मिळाला आणि १९०३ मध्ये राजा दुसरा ऑस्कर याच्या हस्ते मार्गाचे रीतसर उद्घाटन झाले.

जर्मनीचा पोलाद उद्योग याच खनिजावर विसंबून असल्यामुळे ९ एप्रिल १९४० रोजी दहा जर्मन विनाशिका या फियॉर्डमध्ये शिरल्या. ब्रिटिश नौदलाच्या दोन हल्ल्यांनंतर, १३ एप्रिलपर्यंत, त्यांपैकी एकही उरली नाही. नॉर्वेजियन, फ्रेंच आणि पोलिश सैनिकांनी २८ मे रोजी शहर परत जिंकले, परंतु फ्रान्स कोसळू लागल्याने दोस्त राष्ट्रांना ते जूनमध्ये सोडावे लागले.

आजही ६८ वाघिणींची, आठ हजार टनांहून जड गाडी स्वीडनच्या सीमेवरून सुमारे पाचशे मीटर उतरत समुद्राकाठी येते. हा उतार उतरताना इंजिनाच्या मोटरी जनित्रासारख्या चालून वेग आवरतात आणि तयार झालेली वीज तारांमध्ये परत सोडतात. तिचा उपयोग रिकाम्या गाड्यांना पुन्हा डोंगर चढण्यासाठी होतो.